तार जाड, तंबोरा तोच

टेस्टोस्टेरॉन सुरू केल्यावर ट्रान्स पुरुषाच्या शरीरात जे बदल होतात, त्यांतले काही औषध थांबवले की मागे फिरतात. पाळी पुन्हा सुरू होऊ शकते, चरबीची ठेवण हळूहळू पूर्ववत होते, कमावलेले स्नायू ओसरतात. आवाज मात्र एकदा उतरला की उतरला. बोलण्यापुरते पाहिले तर बहुतेकांना नेमके हेच हवे असते. फोनवर पलीकडच्याने ‘मॅडम’ म्हणू नये, बँकेच्या खिडकीपाशी तोंड उघडायची धास्ती वाटू नये, एवढे साधे सुख त्यात असते. पण ज्याचे पोट गाण्यावर चालते किंवा ज्याचा जीवच गाण्यात अडकला आहे, त्याला हा सौदा दहादा विचार करून करावा लागतो.

लुकास सिल्वेरा हे टोरंटोच्या ‘द क्लिक्स’ या रॉक बँडचे गायक. ट्रान्स पुरुष म्हणून उघडपणे वावरत असूनही त्यांनी कित्येक वर्षे टेस्टोस्टेरॉन घेतले नाही, कारण भीती एकच होती: गळा गेला तर? पुढे त्यांनी ते सुरू केले. त्यानंतरच्या नव्या आवाजाने गायलेला ‘ब्लॅक टाय एलिव्हेटर’ हा त्यांचा अल्बम २०१३ साली आला. नॉर्वेचे ऑपेरा गायक एड्रियन अँजेलिको यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी आपला मेझो-सोप्रानो, म्हणजे मधल्या पट्टीचा स्त्री-आवाज राखण्यासाठी हार्मोन घेतलेच नाहीत, आणि पुरुष म्हणून जगत ते याच आवाजात रंगमंचावर गातात. अमेरिकेत मेझो-सोप्रानो म्हणून शिकलेल्या होल्डन मॅडागेम यांनी हार्मोन घेतले, जुना आवाज सोडला आणि टेनर, म्हणजे उंच पट्टीच्या पुरुषी आवाजाचे गायक म्हणून पुन्हा उभे राहिले. तिघांचे निर्णय तीन तऱ्हेचे. त्यांच्यापुढे नेमका काय पेच होता, ते समजायला आधी गळ्यात उतरावे लागेल.

कंठ फुटतो म्हणजे काय होते

स्वरयंत्र म्हणजे श्वासनलिकेच्या तोंडाशी असलेली कूर्चांची एक लहानशी पेटी. तिच्यात पुढून मागे ताणलेल्या दोन स्वरतंतूंच्या घड्या असतात. फुप्फुसातून येणारी हवा त्यांना कंपित करते. सेकंदाला जितकी कंपने, तितके हर्ट्झ. बोलताना प्रौढ पुरुषाचा आवाज साधारण १०० ते १३० हर्ट्झच्या आसपास असतो, स्त्रीचा १९० ते २२० च्या आसपास. हा फरक जन्मजात नसतो. आठ वर्षांच्या मुलाचा आणि मुलीचा आवाज डोळे मिटून ऐकला तर ओळखणे कठीण जाते.

वयात येताना मुलाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचा पूर येतो आणि स्वरयंत्र भराभर वाढते. पुढची मोठी कूर्चा अधिक टोकदार होते. तिच्या दोन पाकळ्यांमधला कोन पुरुषात सुमारे ९० अंशांचा, तर स्त्रीत सुमारे १२० अंशांचा असतो. हाच तो बाहेरून दिसणारा कंठमणी. स्वरतंतू लांब होतात. प्रौढ पुरुषात ते साधारण १७ ते २१ मिलिमीटर भरतात, स्त्रीत ११ ते १५. स्वरयंत्र मानेत खाली सरकते, त्यामुळे वरची घशाची पोकळीही लांबते. पुरुषात स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतचे अंतर सुमारे १७ सेंटिमीटर असते, स्त्रीत त्याहून दोन-तीन सेंटिमीटर कमी. म्हणजे मुलाचा कंठ फुटतो तेव्हा तंतू, पेटी आणि पोकळी ही तिन्ही एकत्र वाढतात.

या वाढीत टेस्टोस्टेरॉनचा हात किती मोठा असतो, हे युरोपच्या संगीताने फार क्रूर मार्गाने दाखवून दिले आहे. सतराव्या-अठराव्या शतकात इटलीत गोड गळ्याच्या मुलांचे वयात येण्याआधीच वृषण निकामी करत. हे ‘कास्त्राती’ गायक मोठे होत, छाती भरत असे, दम पुरुषाचा असे. पण स्वरयंत्र लहानच राही. त्यांच्यातले शेवटचे नामवंत गायक आलेस्सांद्रो मोरेस्की यांचा आवाज १९०२ आणि १९०४ साली रोममध्ये ध्वनिमुद्रित झाला, तो आजही ऐकता येतो.

पूर उशिरा आला तर

टेस्टोस्टेरॉन १९३५ साली अॅमस्टरडॅममध्ये बैलाच्या वृषणांपासून शुद्ध रूपात वेगळे केले गेले. त्याच वर्षी आडोल्फ बुटेनान्ट आणि लिओपोल्ड रुझिचका या रसायनशास्त्रज्ञांनी ते प्रयोगशाळेत तयार करण्याची रीत शोधली, आणि १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्या दोघांना विभागून मिळाले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये मायकेल डिलन या तरुणाने टेस्टोस्टेरॉनच्या गोळ्या घ्यायला सुरुवात केली. पुरुष म्हणून जगण्यासाठी हे औषध घेणारे ते पहिले ज्ञात ट्रान्स पुरुष मानले जातात. पुढे ते डॉक्टर झाले, मग भारतात येऊन बौद्ध भिक्षू झाले आणि १९६२ साली डलहौसीत त्यांचे निधन झाले.

प्रौढ स्वरयंत्रावर या औषधाचा परिणाम किती पक्का असतो, हे जगाने पुढे खेळाच्या मैदानात पाहिले. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मनीच्या महिला जलतरणपटूंनी १३ पैकी ११ सुवर्णपदके जिंकली. त्यांच्या घोगऱ्या आवाजांबद्दल पत्रकारांनी विचारले तेव्हा, या पोहायला आल्या आहेत, गायला नव्हे, अशा अर्थाचे उत्तर मिळाल्याची गोष्ट तेव्हापासून सांगितली जाते. त्या मुलींना सरकारी योजनेतून टेस्टोस्टेरॉनच्या जातीची औषधे दिली जात होती, अनेकींना तर त्यांच्या नकळत. गोळ्या थांबल्या, पण पुष्कळ जणींचे आवाज परत आले नाहीत. उलट दिशेने पाहिले तरी हाच नियम दिसतो. लुसिया लुकास या ट्रान्स स्त्री गायिकेने २०१९ मध्ये अमेरिकेतल्या टल्सा ऑपेरात डॉन जोव्हान्नीची मुख्य भूमिका गायली, ती भरदार, पुरुषी बॅरिटोन आवाजात. वयात येताना खाली गेलेला आवाज इस्ट्रोजेनने वर येत नाही.

प्रौढ वयात टेस्टोस्टेरॉन घेतले की स्वरतंतू जाड होतात, त्यांतला स्नायू भरतो. जड तंतू सावकाश हलतात, आवाज उतरतो. पण कूर्चांची वाढ तोवर संपलेली असते, आणि विशीनंतर त्या हळूहळू हाडासारख्या कठीण होऊ लागतात. पेटी फारशी मोठी होत नाही, घशाची पोकळीही जवळपास तेवढीच राहते.

मिरजेच्या तंबोरे करणाऱ्या कारागिराला हा फरक एका वाक्यात कळेल. भरदार, खालच्या पट्टीच्या गळ्यासाठी तो मोठ्या भोपळ्याचा, लांब दांडीचा तंबोरा करतो. उंच पट्टीसाठी लहान तंबोरा. मुलाचा कंठ फुटतो तेव्हा निसर्ग तंबोराच नवा आणि मोठा बांधून देतो. तिशीतल्या ट्रान्स पुरुषाच्या गळ्यात तंबोरा लहानच राहतो, त्यावर तेवढ्याच लांबीच्या पण जाड तारा चढतात. जाड तार खालच्या सुरात बोलते, यात शंका नाही. मात्र तिची गाज त्या लहान भोपळ्यातूनच येते. म्हणून अनेक ट्रान्स पुरुषांचा आवाज खालच्या सुरात असूनही त्याची जात हलकी वाटते, आणि गाताना पुष्कळ जण टेनरच्या बाजूला स्थिरावतात.

अडकलेला आवाज

या विषयाचा गायकाच्या बाजूने पहिल्यांदा नेटका विचार मांडला तो अलेक्झांड्रोस कॉन्स्टॅन्सिस यांनी. ते स्वतः ट्रान्स पुरुष, शास्त्रीय पठडीतले गायक आणि आवाजाचे शिक्षक. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात त्यांनी ‘अडकलेला आवाज’ अशी कल्पना मांडली. काही ट्रान्स पुरुषांचा आवाज खाली जातो, पण सतत बसल्यासारखा राहतो, लवकर थकतो, त्यात जोर आणि रंग उरत नाही. कॉन्स्टॅन्सिस यांच्या मते तंतू भराभर जाड होतात आणि त्यांना सामावणारी पेटी मात्र आहे तेवढीच असते, हे त्याचे कारण. म्हणून गायकांनी एकदम पूर्ण मात्रेने सुरुवात न करता, डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी मात्रेपासून सावकाश चढत जावे, म्हणजे गळ्याला सवयीला वेळ मिळेल, असा त्यांचा आग्रह आहे. हा आग्रह त्यांच्या स्वतःच्या आणि त्यांनी जवळून पाहिलेल्या गायकांच्या अनुभवातून आला आहे, मोठ्या चाचण्यांतून नव्हे. तरीही गाणाऱ्या मंडळींत तो गांभीर्याने घेतला जातो.

सगळ्यांचा आवाज अडकतो असे मुळीच नाही. स्वीडनमध्ये ५० ट्रान्स पुरुषांच्या आवाजाचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला आणि २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बारा महिन्यांत गटाचा सरासरी सूर पुरुषांच्या नेहमीच्या पातळीवर आला होता. मात्र जवळपास एक चतुर्थांश जणांना आवाजाच्या तक्रारींसाठी व्हॉइस थेरपी घ्यावी लागली. २०१८ मध्ये अनेक अभ्यासांची गोळाबेरीज करणाऱ्या एका आढाव्यातही असेच चित्र दिसले: साधारण पाचांतल्या एकाचा आवाज पुरुषांच्या नेहमीच्या पट्ट्यापर्यंत उतरत नाही. हे आकडे बोलण्याचे आहेत. गाण्याची मागणी त्याहून कितीतरी जास्त असते.

मधले वर्ष

टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन दर दोन-तीन आठवड्यांनी घेतात, काही प्रकारची तीन महिन्यांनी, किंवा रोज त्वचेवर जेल लावतात. इंजेक्शननंतर रक्तातली पातळी चढते आणि पुढचे इंजेक्शन जवळ येईतो उतरते. जेलने ती बरीचशी समान राहते. पहिल्या काही आठवड्यांतच घसा खवखवल्यासारखा वाटू लागतो, सकाळचा आवाज जड येतो. तिसऱ्या महिन्याच्या आसपास घरच्यांच्याही लक्षात येते. मोठी घसरण बहुतेकांच्या बाबतीत पहिल्या वर्षात होऊन जाते. पूर्ण बदलाला एक ते दोन वर्षे धरतात.

किती घसरण? समजा बोलण्याचा सूर २०० हर्ट्झवरून १२५ वर आला. हे अंतर आठ अर्धस्वरांचे आहे. मध्य सप्तकातल्या ‘सा’वरून खाली निघालो, तर मंद्र सप्तकातल्या शुद्ध गंधारापर्यंत पोचू, एवढे.

गाणाऱ्याची खरी परीक्षा असते ती या उतरणीच्या क्रमात. वरचे सूर आधी जातात, खालचे नंतर येतात. म्हणजे मधल्या काही महिन्यांत तार सप्तक हातचे गेलेले असते आणि खर्ज अजून मिळालेला नसतो. ज्याचा गळा कालपर्यंत अडीच सप्तके फिरत होता, त्याच्या वाट्याला जेमतेम एक सप्तक उरते, तेही रोज वेगळे.

शिकलेल्या गायकाला हे न शिकलेल्यापेक्षा जास्त छळते, आणि त्याला कारण आहे. सूर वर नेताना स्वरयंत्राच्या बाहेरच्या अंगाचा एक स्नायू तंतूंना ताणून पातळ करतो. तंतूंच्या आतला स्नायू त्यांना आखूड आणि जाड करतो. गाणे म्हणजे या दोघांची क्षणाक्षणाची रस्सीखेच. पंचमासाठी किती ताण द्यायचा, निषादासाठी किती, हे वर्षानुवर्षांच्या रियाजाने मेंदूत पक्के बसलेले असते. आता तंतू जड झाले. मेंदू जुन्याच हिशोबाने ताण देतो आणि पंचम लागायच्या जागी भलताच सूर लागतो. ताण आणखी वाढवावा, तर आतल्या स्नायूची पकड एकदम सुटते आणि आवाज फाटतो. कान शाबूत, सुराची जाण शाबूत, फक्त हाताशी असलेला हिशोब चुकीचा. चौदा वर्षांच्या मुलाचेही हेच होते, पण त्याच्याकडून मैफलीची अपेक्षा कोणी करत नाही. ट्रान्स पुरुष गायक या अवस्थेतून जातो तेव्हा तो अनेकदा पंचविशी-तिशीत असतो, त्याचे कार्यक्रम ठरलेले असतात, लोकांना त्याचा जुना आवाज पाठ असतो.

पट्टी बदलण्याची मुभा

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात आवाजाचे कप्पे ठरलेले आहेत आणि रचना ठरावीक स्वरावर लिहिलेल्या. मेझोचा टेनर झाला की हाताशी असलेल्या जवळजवळ सगळ्या भूमिका सुटतात. नव्या भूमिका, नव्या भाषेतले नवे शब्द, नव्या ऑडिशन. अँजेलिको यांचा निर्णय या पार्श्वभूमीवर पाहायला हवा. मेझोच्या वाट्याला पोरसवदा पुरुषांच्या भूमिका येण्याची तिथे जुनी परंपरा आहे. मोझार्टच्या ‘फिगारोचे लग्न’ या १७८६ च्या ऑपेरातला केरुबिनो हे त्याचे ठळक उदाहरण. आवाज तोच ठेवून पुरुषाचीच भूमिका गायची, ही सोय त्या परंपरेतच आहे.

हिंदुस्थानी संगीतात सोय वेगळ्या प्रकारची आहे. इथे ‘सा’ गाणाऱ्याच्या गळ्यावर ठरतो. स्त्री गायक साधारण काळी चार-काळी पाचच्या आसपास गातात, पुरुष काळी एकच्या आसपास. काळी चार म्हणजे सुमारे २०८ हर्ट्झ, खालची काळी एक म्हणजे सुमारे १३९. दोहोंत बरोबर सात अर्धस्वर. बोलण्याचा आवाजही साधारण तेवढाच उतरतो. म्हणजे राग तोच, बंदिश तीच, आलापाची वाट तीच. तंबोरा नव्या पट्टीत जुळवायचा. हिंदुस्थानी पठडीत वाढलेल्या ट्रान्स पुरुषाची चिजांची शिदोरी त्यामुळे वाया जात नाही.

अडचणी तरीही आहेत. आपले शिक्षण ऐकून उचलण्याचे. गुरूच्या गळ्याशी गळा मिळवत वर्षे गेलेली असतात, आणि शिष्याची पट्टी बदलली की सोबत गाणेही अवघड होते. सुगम संगीतात मूळ गाण्याची पट्टी लोकांच्या कानात बसलेली असते. आणि पहिल्या वर्षात ‘सा’ स्थिर नसतो. आज काळी तीनवर सोयीचे वाटलेले गाणे दोन महिन्यांनी पांढरी तीनलाही उंच वाटते.

रियाज कसा सांभाळायचा

आवाज बदलत असताना गाणे बंद करावे का? ट्रान्स गायकांना शिकवणारे शिक्षक बहुधा उलट सल्ला देतात: गा, पण थोडे आणि हलके. लिझ जॅक्सन हर्न्स आणि ब्रायन क्रेमर यांनी २०१८ साली खास गायनशिक्षकांसाठी या विषयावर पुस्तक लिहिले, त्यावरून या शिकवणीला किती आकार आला आहे ते दिसते.

तोंड अर्धवट मिटून करायचे व्यायाम या काळात सर्वांत सुरक्षित: मिटल्या ओठांनी गुणगुणणे, ओठ थरथरवत सूर सोडणे, स्ट्रॉमधून फुंकत सूर लावणे. यांत हवेचा उलटा दाब तंतूंना सांभाळून घेतो आणि ते एकमेकांवर जोरात आपटत नाहीत. सरळ सुरांपेक्षा मींड बरी. खालून वर आणि वरून खाली घसरत जाताना आवाज जिथे फाटतो, ती जागा टाळायची नाही, तिथून हळू आवाजात पुन्हापुन्हा जायचे. मेंदूचा नवा हिशोब असाच बसतो. वरचा पातळ आवाजही वापरात ठेवावा. सोडून दिला तर पुढे तो परत मिळवणे जड जाते.

सर्वांत मोठा मोह खर्जाचा. नव्याने मिळालेल्या खालच्या सुरांचा आनंद इतका असतो की छाती फुगवून, हनुवटी खाली दाबून तिथेच गात राहावेसे वाटते. खर्जाचा रियाज आपल्याकडे मानाचा खरा, पण तो सैल गळ्याने करायचा असतो. घसा आवळून काढलेला खर्ज तंतूंना इजा करतो.

छाती सपाट दिसावी म्हणून वापरला जाणारा घट्ट बाइंडर बरगड्यांना फाकू देत नाही, आणि दम तिथेच तुटतो. रियाजापुरता तो सैल केला किंवा काढला तर फरक लगेच जाणवतो. दर आठवड्याला आपला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सोयीचा सूर मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवला, तर काय गेले आणि काय आले याचा नकाशा हाती राहतो. आवाज आठवडेच्या आठवडे बसलेला राहिला किंवा गाताना दुखू लागले, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरतंतू तपासून घ्यावेत. मात्रा कमी-जास्त करणे हे एंडोक्रिनॉलॉजिस्टचे काम आहे. लवकर आवाज उतरावा म्हणून दुकानातून परस्पर आणून जादा इंजेक्शन घेणाऱ्याचे रक्त दाट होण्याचा धोका असतो.

इतके करूनही ज्यांचा आवाज पुरेसा उतरत नाही, त्यांच्यासाठी स्वरतंतू सैल करणारी शस्त्रक्रिया आहे. जपानचे शल्यविशारद नोबुहिको इश्शिकी यांनी १९७० च्या दशकात तिची पद्धत घालून दिली. गायकाने मात्र तिचा विचार अगदी शेवटी करावा, कारण सैल केलेल्या तंतूंनी वरचे सूर आणखी दूर जातात.

शिकवणाऱ्यांसाठी

टेस्टोस्टेरॉन आवाज खाली नेते. त्या आवाजाने गायला ते शिकवत नाही. ते काम गायकाचे आणि त्याच्या शिक्षकाचे. आणि हार्मोन घ्यायचे की नाही, हा निर्णय सर्वस्वी ज्याच्या त्याचा. काळी चारवर गाणारा ट्रान्स पुरुष काळी एकवर गाणाऱ्यापेक्षा कमी पुरुष ठरत नाही.

तेव्हा गुरुजनांनो, संगीत विद्यालये चालवणाऱ्यांनो, तुमच्या वर्गात असा शिष्य असेल आणि त्याचा आवाज फुटू लागला असेल, तर त्याची तालीम थांबवू नका. वर्षभर त्याला परीक्षेला किंवा मंचावर बसवण्याची घाई करू नका. हजेरीपटावर त्याने सांगितलेले नाव लिहा, आणि दर महिन्याला त्याच्यासोबत बसून त्याचा ‘सा’ नव्याने शोधा. पट्टी कुठलीही ठरो, शिकवलेले राग त्याच्याकडे शाबूत आहेत.